वाफ्यांत तणनाशक नको, खुरपे हवे

संपादक महोदय,

आमच्या सोसायटीच्या मागच्या जागेत पंधरा-सोळा घरांनी मिळून भाजीचे वाफे केले आहेत. मेथी, भेंडी, वांगी, कुंपणावर दोडका. यंदा आषाढात झड लागली, आठ-दहा दिवस कोणी खाली उतरले नाही आणि लव्हाळा माजला. मग कोणाला न विचारता माळ्याकडून ग्लायफोसेट हे तणनाशक मारून घेतले गेले. त्याच्या हातात मोजे नव्हते, तोंडाला साधा रुमालही नव्हता. वाऱ्याने फवारा शेजारच्या वाफ्यांवर गेला आणि पुढच्या पंधरवड्यात भेंडी, वांगी पिवळी पडली. भाजी पुन्हा लावता येईल, पण तिथून मुले रोज काकड्या तोडून खातात, याचा विचार कोणीच कसा केला नाही?

हे औषध हिरव्या पानातून मुळापर्यंत उतरते. तण कोणते आणि भेंडी कोणती हे त्याला कळत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, तो उगाच नाही.

लव्हाळा चिवट आहे, हे मान्य. वरून ओढला की पात हातात येते, गाठ जमिनीतच राहते आणि आठवड्यात पुन्हा कोंब. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. मोकळ्या मातीवर पाचट किंवा वाळका पाला जाड पसरला की इतर तण बरेच कमी उगवते. आणि उगवलेले सगळेच फेकायचे नसते. घोळ, तांदुळजा, कोवळा कुर्डू आमच्या आईने कधी विकत आणले नाहीत. घोळ ओळखताना मात्र देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे.

गाजरगवताला मात्र दयामाया नको. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज ते देशभर आहे. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, अंगाला खाज सुटते ती वेगळीच. आम्ही मोजे घालून ते फुलण्याआधी उपटतो, पण भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर ते कमरेएवढे वाढले आहे आणि बी तिथून येते. महापालिकेने अशा प्लॉटमालकांना श्रावण संपण्याआधी नोटिसा द्याव्यात, आणि सोसायट्यांनी सामाईक वाफ्यांत तणनाशक न वापरण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत करावा, ही विनंती.

– एक रहिवासी, पुणे