छोटे संगणक द्या, पण सुट्या सामानासह

मा. संपादक,
स. न.

मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी शाळांना छोटे संगणक द्यावेत, या मागणीला मनापासून पाठिंबा. मात्र खरेदी करताना नुसती बोर्डाची, म्हणजे त्या संगणकाच्या उघड्या पाटीची, किंमत बघून चालणार नाही. मराठवाड्यातल्या खेड्यात तास बंद पडतो तो वीज, केबल आणि मेमरी कार्डापायी.

रास्पबेरी पाय या एका पाटीवरच्या छोट्या संगणकाची सगळी यंत्रणा मायक्रोएसडी कार्डावर असते. कार्डावर काही लिहिले जात असताना लाईट गेली की फाइल बिघडते आणि पुढच्या वेळी मशीन सुरूच होत नाही. सेटिंगमधली ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू केली तर कार्डावर काही लिहिलेच जात नाही, म्हणून त्याला धक्का लागत नाही. मुलांचे काम मग पेनड्राइव्हवर ठेवावे लागते. रास्पबेरी पाय ४ या मॉडेलला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा हलका चार्जर लावला तर पडद्यावर विजेचे चिन्ह येते, मशीन मंदावते, आणि बोल बोर्डाला लागतो. शिवाय पडदा, कीबोर्ड, माउस वेगळेच.

म्हणून पाचवी ते आठवीला सुरुवात मायक्रोबिट या मुलांसाठीच्या छोट्या, साध्या बोर्डाने करावी, असे ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये २०१६ साली सुमारे १० लाख मुलांना तो मोफत दिला गेला. तो रिमोटच्या दोन बारीक सेलवर चालतो, एकदा चढवलेला प्रोग्राम सेल काढले तरी पुसला जात नाही. प्रोग्राम चढवायला तेवढा संगणक लागतो, तो चार-पाच मुलांत एक पुरतो. मेककोड, म्हणजे ज्यात मुले प्रोग्राम लिहितात, त्याचे इंटरनेटशिवाय चालणारे ॲप त्यावर आधीच टाकून ठेवावे.

बोर्डाचा दिवा लागतो, पण संगणकावर ड्राइव्ह दिसत नाही, तेव्हा बहुधा केबल नुसती चार्जिंगची असते. ‘मेंटेनन्स’ नावाची ड्राइव्ह दिसली, तर केबल लावताना मागचे रिसेट बटण दाबले गेलेले असते. काढून परत लावावी. सेलचा डबा काढताना मुले वायर ओढतात आणि ती तुटते. चालू-बंदचे बटण असलेलेच डबे मागवावेत.

आणि धडे आपल्या रानातले हवेत. कुंडीतल्या काळ्या मातीत दोन खिळे थोड्या अंतरावर रोवा. एक मायक्रोबिटच्या कडेवरच्या पी१ या जोडणीला, दुसरा पी० ला चिमट्याच्या वायरने जोडा. प्रोग्रामने पी१ मधून वीज सोडून पी० वाचला की ० ते १०२३ मधला आकडा येतो. कोरड्या मातीत कमी, पाणी घातले की चढतो. वाचून झाले की पी१ बंद करायचा, नाहीतर सततच्या प्रवाहाने खिळा झिजतो आणि आकडे भरकटतात. काळ्या मातीचा आकडा मुरमाड रानाला लागू पडत नाही. ‘किती खाली गेल्यावर पाणी द्यायचे’ हे प्रत्येक मुलाने स्वतः मोजून प्रोग्राममध्ये घालावे. ‘जर-तर’ची अट इथे जेवढी पक्की बसते, तेवढी फळ्यावर बसत नाही.

जिल्हा परिषदेने दर दहा बोर्डांमागे डेटाच्या तीन जादा केबल, सेलचे दोन डबे आणि वर्षभराचे सेल यांची तरतूद त्याच निविदेत करावी.

— एक संगणक शिक्षक, जि. परभणी