नातवाच्या बंदुकीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आई दोनदा म्हणाली एवढ्याशा पोराला बंदूक कशाला, आणि मग लाइनच कट झाली, म्हणून नीट लिहितेय.

इथे विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, ह्यांच्या घरातले सगळे जातात, आता बारा वर्षांच्या तुमच्या नातवालाही जायचंय. सासरे म्हणाले एकदम .२४३ च घेऊ (हा गोळीच्या जाडीचा आकडा, इंचात), हरणाला तशी मोठीच लागते. ते खरंय, साध्या .२२ ने, म्हणजे बारीक गोळीच्या छोट्या रायफलने, हरीण मारायला इथे कायद्याने बंदीच आहे. पण मी अडून बसले की पहिली .२२ च घ्यायची. मोठ्या बंदुकीचा आवाज आणि खांद्याला बसणारा दणका एकदा डोक्यात बसला ना, की ट्रिगर दाबायच्या आधीच पोरं डोळे मिटतात, अंग आकसतात, आणि ती सवय मग सुटता सुटत नाही. .२२ ला धक्का जवळपास नाहीच, गोळ्या स्वस्त, म्हणून पन्नासची डबी संपली तरी पोरगं अजून मागतं.

शेवटी सीझेड ४५७ स्काउट घेतली, मुलांसाठीची .२२ रायफल. दस्ता आखूड आहे त्यामुळे मान ताणावी लागत नाही, बोल्ट (गोळी आत सरकवणारा दांडा) दर वेळी हाताने ओढायचा, आणि एका वेळी एकच गोळी घालायची सोय आहे, मला तेच हवं होतं, प्रत्येक गोळीला थांबून विचार होतो. कागदाच्या टार्गेटला तो लवकर कंटाळतो म्हणून लोखंडी फिरती टार्गेटं आणलीत, लागली की टण्ण वाजतात, तेव्हाचा त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा!

आई, काळजी करू नकोस. १८ च्या आतल्या मुलाला दुकानदार रायफल विकूच शकत नाही, त्यामुळे ती आमचीच, तिजोरीत कुलपात. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, शिवाय हंटर एज्युकेशनचा कोर्स. आणि तुला हरणाचं वाईट वाटतं ना, मलाही वाटतं, म्हणूनच सरावाचा एवढा हट्ट. नेम कच्चा असला की जनावर जखमी होऊन रानात पळतं आणि तडफडत मरतं, ते मला त्याच्या हातून नकोय.

बाबा, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवलं ते .२२ नेच, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. नातवाला उभ्याने अजून जमत नाही, हात हलतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला स्वप्नीलबद्दल सांगा ना, माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतो. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही कळवा.

तुमची,
ताई