रायबोसोम प्रोटीनचं मशीन नाही
महोदय, रविवारच्या पुरवणीतला पेशीवरचा लेख वाचला, छान जमलाय, पण त्यात रायबोसोमला (पेशीत प्रोटीन्स तयार करणारा सूक्ष्म कण) 'प्रोटीनचं मशीन', म्हणजे प्रोटीनपासून बनलेलं मशीन, म्हटलंय ते पटलं नाही. २००० साली त्याच्या मोठ्या भागाची रचना दिसली तेव्हा कळलं की अमिनो आम्लं (प्रोटीनचे सुटे घटक) जिथे जोडली जातात तिथे काम आरएनए (डीएनएसारखाच एक रेणू) करतो, प्रोटीन्स बहुतेक बाहेरच्या बाजूला. (२००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल रामकृष्णन, स्टाइट्झ, योनाथ यांना रायबोसोमवरच मिळालं, तेही लेखात नाही!) आणि हा आरएनएचा मधला गाभा बॅक्टेरियात, यीस्टमध्ये, आपल्यात जवळपास सारखाच, आपला रायबोसोम मोठा दिसतो तो त्यावर चढलेल्या जादा भागांमुळे. प्रोटीन बनायला जनुक लागतं आणि जनुकाची नक्कल करायला प्रोटीन, मग आधी प्रोटीन की आधी जनुक, या जुन्या कोड्यात दोन्ही कामं करू शकणाऱ्या आरएनएचं पारडं जड झालं त्यात याचा मोठा वाटा, लेखात नेमकं तेच राहिलं.
— एक वाचक