दारव्हा रस्त्यावरच्या त्या मायमाउल्यांना

कापूस वेचणीच्या दिवसांत दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर माझ्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलीला रोही (नीलगाय) आडवं आलं. भाऊ डांबरावर फेकला गेला. पाय मोडला, कपाळातून रक्त वाहत होतं. माणसं थांबली, पण लांबच. "पिऊन असन," "हे पोट्टे गाड्या पयवतेतच अशा," हे सगळं त्याला पडल्या पडल्या ऐकू येत होतं. तो दारूला शिवत नाही. आणि प्यालेला असता, तरी रक्त वाहू द्यायचं होतं का?

शेजारच्या वावरातून तुम्ही वेचणी टाकून धावत आलात. एकीनं डोक्याचा दुपट्टा सोडून जखमेवर घट्ट दाबून धरला. दोघी वळणावर उभ्या राहून गाड्या थोपवत होत्या. कोणी त्याला उचलू लागलं, तर "पाय हालवू नोका" म्हणून अडवलंत, आणि एका गाडीवाल्याला १०८ ला फोन लावायला लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एक आजी त्याच्याशी बोलत राहिल्या, "झोपू नोको बाप्पा, तुह्या मायचं नाव सांग." वेचणीची मजुरी किलोवर मिळते, ती तुम्ही तशीच सोडलीत.

बाकीचे पोलिसांच्या भानगडीला भ्याले असतील. पण २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. तुम्हाला तर कायदा विचारावाही लागला नाही.

भाऊ आता काठी घेऊन चालतो. तुमचे फार फार आभार. तुमच्यापैकी कोणाला हे कळलं तर निरोप धाडा, माय तुम्हाला भेटायला येणार आहे.