सिजे, ‘दो जे’ म्हणायचं राहून गेलं

प्रिय सिजे,

हे पत्र मी मराठीत लिहितेय. तुम्हाला ते वाचता येणार नाही. तुमच्या नातीला फोन लावून मी ते वाक्यावाक्याने सांगणार आहे. पण तुम्ही कोण आहात हे माझ्या माणसांनाही कळावं असं फार वाटतं, म्हणून आधी माझ्या भाषेत. वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगते की हाँगकाँगच्या कँटनीज भाषेत गुरूला सिफू म्हणतात, आणि त्याच गुरूकडे आपल्या आधीपासून शिकणारी ती सिजे, मोठी बहीण. मी तुमची सिमुई, धाकटी. तुम्ही एकाहत्तरच्या, मी बेचाळीसची, तरी नातं बहिणीबहिणीचंच.

हाँगकाँगला नवऱ्याच्या बदलीमुळे आले तेव्हा लेक पाच वर्षांची होती. शाम शुई पोमधल्या त्या जुन्या इमारतीचे सहा मजले चढून गच्चीवर पहिल्यांदा आले तो रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. दोरीवर वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या, कोपऱ्यात क्वान कुंग या युद्धदेवतेची तसबीर आणि तिच्यापुढे उदबत्त्या. हुंग कुन, म्हणजे दक्षिण चीनमधला कुंग फूचा एक प्रकार, शिकायचा म्हणजे आधी उभं राहायला शिकायचं. ‘से पिंग मा’: पाय खांद्यांहून बरेच रुंद, पावलं समांतर, मांड्या जमिनीला समांतर, पाठ ताठ. सिफू एक उदबत्ती लावायचे आणि ती विझेपर्यंत सगळ्यांनी तसंच उभं राहायचं.

माझा उजवा गुडघा तेव्हा दुखरा होता. त्याआधी दुसऱ्या एका क्लासला जायचे, तिथे कळ आली की ‘सहन करा, सवय होईल’ एवढंच सांगायचे. मी सहन केलं आणि गुडघा सुजवून घेतला. ते तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. तुम्हीच माझ्या पावलांकडे बघत बसलात, मग खाली वाकलात आणि माझा गुडघा दोन बोटांनी बाहेर ढकललात. गुडघा आत पडत होता, अंगठ्याच्या रेषेच्याही आत. तुम्ही पुड्यातून एक उदबत्ती काढली, मधोमध मोडली आणि अर्धीच लावलीत. ‘तुझी एवढी.’ दुसरा अर्धा भाग माझ्या हातात दिलात, घरी सरावाला. नंतर दर थोड्या दिवसांनी तुम्ही मोडायची जागा जराशी वर सरकवत गेलात. अख्खी उदबत्ती मला मिळाली तेव्हा वर्ष होत आलं होतं. सराव संपला की काळपट बाटलीतली ‘दित दा’, मुक्या मारावरची औषधी दारू, तळव्यांवर गरम करून गुडघ्याला चोळायचात. तिचा वास माझ्या पिशवीला अजून येतो.

मग ‘फू हॉक सेउंग यिंग’ सुरू झालं. वाघ आणि सारस, दोघांचं रूप हालचालींच्या एकाच मांडणीत. लाम साई-विंग यांनी हा प्रकार पुस्तकात छापला, म्हणून आज जगभर लोक तो शिकतात. त्यांचे गुरू वाँग फेई-हुंग (१८४७ ते १९२५) कँटनचे, म्हणजे आजच्या ग्वांगझौचे, नामांकित वैद्य आणि कुंग फूचे उस्ताद. त्यांच्या दवाखान्याचं नाव पो ची लाम. वाघ हाडं घट्ट करतो, सारस अंगातलं सत्त्व जपतो, अशी जुनी शिकवण आहे.

वाघ मला जमला. बोटं वाकवून पंजा करायचा, मनगटात जोर आणायचा, पोटातून श्वास सोडत ओढायचं. ‘भुकेला वाघ शेळी धरतो’ हा भाग तर मनापासून आवडला. सारसापाशी मात्र अडले. एका पायावर उभं राहून दुसरा वर घ्यायचा, पाचही बोटांची टोकं एकत्र आणून चोच करायची आणि मनगटातून टोचायचं. चोच केली की माझा सगळा हात खांद्यापर्यंत ताठ व्हायचा, श्वास अडकायचा, तोल जायचा. चार महिने हेच चाललं. सिफूंनी दहादा दाखवलं. मी दहादा तीच चूक केली.

तो दुपारचा प्रसंग तुम्हाला आठवतो का ते माहीत नाही. लेकीला त्या दिवशी सोबत आणलं होतं. टाकीच्या सावलीत बसून डब्यातला वरण-भात मी तिला भरवत होते. भात कालवला, पाच बोटांत घास उचलला, मनगट वळवलं आणि तिच्या तोंडापाशी नेला. तुम्ही समोर बसून संत्रं सोलत होतात. संत्रं खाली ठेवलंत आणि माझा हात हवेतच धरलात. बोटांना भात लागलेला, लेक तोंड उघडून थांबलेली.

‘हॉक जुई,’ तुम्ही म्हणालात. सारसाची चोच.

मी हाताकडे बघितलं. बोटांची टोकं जुळलेली, अंगठा खालून आधाराला, मनगट सैल, खांदा खाली. जे चार महिने जमत नव्हतं ते मी रोज दोन वेळा करत होते. माझ्या आईने मला तशाच बोटांनी भरवलं, आजीने तिला. ‘लहान मुलाला घास देताना खांद्यात कुणी जोर घालतं का?’ तुम्ही विचारलंत. मग घास लेकीला भरवू दिलात आणि लगेच मला उठवून, हात तसाच खरकटा, पूर्ण भाग करायला लावलात. त्या दिवशी पहिल्यांदा मी पडले नाही.

त्यानंतर मी तुम्हाला गोंदियाबद्दल सांगितलं. आमच्याकडे सारस खरोखरचे आहेत, जोडीने धानाच्या बांध्यांत चरतात. माणसाच्या उंचीचा पक्षी, राखाडी अंग, लाल मान. महाराष्ट्रात आता ते आमच्या भागात उरलेत, तेही मोजकेच. आणि तिथून जवळच नागझिऱ्याच्या जंगलात वाघ. तुम्ही किती वेळ हसत होतात! ‘म्हणजे तू घरूनच शिकून आलीस.’ भावाने पाठवलेला व्हिडिओ तुम्ही तीनदा बघितलात, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. तिसऱ्यांदा बघताना बोट ठेवून थांबवलात. चिखलातून पाय उचलताना सारस बोटं मिटून घेतो आणि टेकवतानाच उघडतो. वर घेतलेलं पाऊल तो ताठ ठेवत नाही, लोंबू देतो. मी लहानपणापासून ते पक्षी बघत आले, हे कधी दिसलं नव्हतं. गच्चीवरच्या सगळ्यांना तुम्ही ते दाखवलंत, आणि पुढच्या रविवारी खुद्द सिफूंनी सगळ्यांना वर घेतलेलं पाऊल सैल सोडायला सांगितलं.

मॉक क्वाई-लान यांची गोष्टही मला तुमच्याकडूनच कळली. वाँग फेई-हुंग यांच्या शेवटच्या पत्नी, स्वतः तयारीच्या लढवय्या. असं सांगतात की एका प्रात्यक्षिकात वाँग यांचा जोडा पायातून निसटून मॉक क्वाई-लानच्या तोंडावर बसला, आणि एवढ्या मोठ्या गुरूला तिने सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. नवरा गेल्यावर ती हाँगकाँगला आली आणि पुढे म्हातारपणापर्यंत शिकवत राहिली. १९८२ मध्ये गेली. तुम्ही तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात शिवणीला होतात, दोन मुलं लहान. ‘ती शिकवत होती म्हणून माझ्या सासूला नाही म्हणता आलं नाही,’ असं तुम्ही म्हणाला होतात. हुंग कुनचे मूळपुरुष मानले जाणारे हुंग हेई-गुन यांची दंतकथाही तुम्हीच सांगितलीत: वाघ नवऱ्याचा, सारस बायको फाँग विंग-चुनचा, आणि दोन्ही जुळले तेव्हा हा प्रकार झाला. खरं किती ते देव जाणे. पण शब्दाशब्दाला तुमचा आवाज बदलत होता, आणि मी माझ्या लेकीला ती गोष्ट अगदी तशीच सांगते.

सिजे, तुम्ही मला फुकट शिकवलंत. सिफूंची फी मी भरत होते, पण तुमचे ते जादा तास, ते औषध, मोडलेल्या उदबत्त्या, मला ताप आला तेव्हा सहा मजले उतरून, बस बदलून आणून दिलेली पेज, ह्याचा हिशोब तुम्ही कधी काढू दिला नाहीत. परक्या गावात मला मोठी बहीण मिळाली. मला सख्खी बहीण नाही.

गेल्या मार्चमध्ये आम्ही नागपूरला परत आलो. शेवटच्या रविवारी मी १०८ हालचालींची ती सगळी मांडणी तुमच्यासमोर केली, सुरुवातीच्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत. ‘एका पायावरचा भुकेला सारस’ आला तेव्हा तुम्ही बघत नव्हतात, संत्रं सोलत होतात. नंतर कळलं, तुम्हाला रडू येत होतं. जिन्यात मी घाईघाईने म्हणाले, ‘म गोई, सिजे.’

कँटनीजमध्ये आभाराचे दोन शब्द आहेत हे तुम्हीच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. कुणी दार धरलं, चहा ओतला, काम करून दिलं तर म गोई. कुणी भेट दिली तर दो जे. जिन्यात तोंडातून रोजचाच शब्द निघाला, आणि विमानात बसल्यावर ते लक्षात आलं.

आता रोज सकाळी साडेपाचला गच्चीवर उदबत्ती लावते. अख्खी. लेक अकरा वर्षांची झाली, परवापासून तीही येते. तिचाही गुडघा आत पडतो. तिच्यासाठी मी अर्धी मोडली.

दो जे, सिजे.

तुमची सिमुई,
नागपूरहून