त्या फाटलेल्या कॉफीबद्दल

वाकड, पुणे
घटस्थापनेचा आदला दिवस

ती. आई व बाबा,
शि. सा. नमस्कार.

एकाच गावात राहून पत्र पाठवतो म्हणून बाबा आधी पाकिटावरचं तिकीट बघतील आणि "वाया घालवले पैसे" म्हणतील. म्हणू देत. फोनवर माझ्या दूध सोडण्याचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला आई "बरं, ठेवते, कुकर लावलाय" म्हणते. पत्र वाचताना कुकर लावलास तरी पत्र तिथंच राहतं.

गेल्या रविवारी झालं त्यात चूक माझी होती. बाबांची चारची जायफळाची कॉफी उकळत होती. मी फ्रीजमधला सोयाचा खोका काढला आणि थंडगार तसाच माझ्या कपात ओतला. बघता बघता वर पांढरे कण आणि खाली काळं पाणी. आईनं कप उचलून उजेडात धरला, सिंकमध्ये ओतला आणि म्हणाली, "नासलेलं मी कुणाला देत नाही." इथवर ठीक होतं. मग मी शहाणपणा केला, "जाऊ दे, मला कोरा चहाच दे." आई काही बोलली नाही. चहा केलास, समोर ठेवलास आणि आत जाऊन कपडे घड्या करायला बसलीस.

मला वाटलं, तू कॉफीवरून चिडलीस. जिन्यात सोडायला आले तेव्हा बाबांनी सांगितलं. भोरला तुमच्या घरी दोन म्हशी होत्या, सगळं दूध पहाटे डेअरीला जायचं आणि तुम्ही भावंडं गुळाचा कोरा चहा पिऊन शाळेत जायचात. पाहुणा आला की वाटीभर दूध शेजारून उसनं आणायचं, पण त्याला कोरा द्यायचा नाही. तू पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात बाबांना एकच मागितलंस म्हणे, की घरात दुधाची पिशवी रोज दोन घ्यायची. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी तुझ्याच ओट्यापाशी उभा राहून तुला म्हणालो, कोरा दे.

सॉरी, आई.

आता कारणाबद्दल एकदाच लिहितो आणि पुढे जातो. मामाच्या गोठ्यात दावणीला पेंढा भरलेलं रेडकू उभं केलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. म्हैस त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. मला ते खेळणं वाटायचं. ते काय होतं हे कळायला मला फार उशीर लागला. कळल्यावर दूध उतरेना, एवढंच. तुम्ही प्यायचं थांबवा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. आणि हे खूळ तुमच्या सुनेचं नाही, हे आईनं कृपया लक्षात घ्यावं. ती आजही पिशवीच्या दुधाचा आल्याचा चहा करते, आणि माझ्यासमोर बसून मुद्दाम फुर्र आवाज करत पिते.

बाबा, तुम्ही ज्या विषयावर जन्मभर खडू झिजवलात तोच मी विसरलो. सोयाची प्रथिनं साधारण साडेचार पीएचच्या (म्हणजे आंबटपणाच्या मापाच्या) आसपास गोळा होतात. कॉफी पाचच्या आगेमागे असते, म्हणजे आधीच काठावर. त्यात उकळती उष्णता आणि फ्रीजमधला गारठा एकदम भेटले की फाटणारच. उपाय तुम्हीही हाच सांगितला असतात: सोया आधी वेगळं कोमट करायचं, कपात ते आधी घालायचं आणि त्यावर जरा निवलेली कॉफी हळूहळू ओतायची. चिकोरी घातलेली, कडक भाजलेली कॉफी कमी आंबट असते, ती जास्त सांभाळून घेते. मी घरी सहा वेळा केली, पाच वेळा जमली. सहाव्या वेळी फोन आला होता.

आणि खोक्यावर बोट ठेवून "याला दूध म्हणायची परवानगी नाही" म्हणालात, तेही बरोबर निघालं. एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, २०२१ मध्येच बजावलंय की वनस्पतींपासून केलेलं पेय दूध म्हणून विकायचं नाही. म्हणून त्यावर 'ड्रिंक' लिहितात. आमच्याकडे सध्या त्याला 'ते' म्हणतात. "चहात ते घालू का?"

गेल्या तीन महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात जे जे झालं ते ऐकलंस तर आई तू हसशील, म्हणून सांगतो. पहिल्यांदा ओट्स. भिजवले, मिक्सरला लावले, पंचातून गाळले, दिसायला अगदी दूध. चहात घालून गॅसवर ठेवलं आणि दोन मिनिटांत त्याची खळ झाली. साडीला घालायची असते ना, तीच. चमचा उभा राहीना एवढंच. विकतचं ओट तसं होत नाही, कारण कारखान्यात एन्झाइम घालून त्यातल्या पिष्टाची साखर करून टाकतात. म्हणून ते पातळ राहतं आणि साखर न घालता गोड लागतं. बाबा, 'नो ॲडेड शुगर' वाचून तुम्ही ते बिनघोर पिऊ नका, तुमच्या शुगरला ती गोडी कळते.

मग शेंगदाणे. सगळ्यात स्वस्त, म्हणून मोठ्या आशेनं केलं. भाजून, सालं काढून, वाटून, गाळून, नीट उकळूनसुद्धा. चहाचा पहिला घोट घेतला आणि दाण्याची आमटी आठवली, शेजारी वऱ्याचा भात नाही याचंच वाईट वाटलं. तुझी सून म्हणाली, "जिरं घाल, एकादशीला चालेल."

बदामाचं विकतचं आणलं. खोका मागं फिरवून बघितला तर घटकांत पहिलं नाव पाणी, आणि किंमत आपल्या पिशवीच्या दुधाच्या कितीतरी पट. इतके पैसे देऊन पाणी प्यायचं तर मी खडकवासल्याचं पितो. ऑफिसातल्या एकानं दूध नसलेली म्हणून कॉफीत घालायची पावडर दिली होती, तिच्यावर बारीक अक्षरात सोडियम केसिनेट लिहिलेलं. केसिन म्हणजे दुधातलंच प्रथिन, बाबा सांगतील. माल्टच्या डब्यांवरही बहुतेक 'मिल्क सॉलिड्स' असतंच. डबे उलटे करून वाचायची बाबांची सवय मला लागली आहे, त्याबद्दल मात्र कुणाचेही आभार मानायचे नाहीत.

शेवटी जमलं ते काजूवर. अख्खे नकोत, तुकडा चालतो, रविवार पेठेत सुटा मिळतो. पाव वाटी तुकडा दोन तास गरम पाण्यात भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं. मग अर्ध्या वाटी ताज्या पाण्यात आधी अगदी गंधासारखा वाटायचा आणि नंतर अडीच वाट्या पाणी घालून पुन्हा फिरवायचा. सगळं पाणी एकदम घातलं की कणी राहते आणि दाताखाली येते. नीट वाटला तर गाळायलाही लागत नाही. काजूत थोडं पिष्ट असतंच, त्यामुळे मंद आचेवर तो अंगचाच दाट होतो, पण दोन उकळ्यांच्या वर ठेवायचा नाही. आलं आणि चहा पाण्यात आधी पूर्ण उकळून घ्यायचा, मग गॅस बारीक करून काजू. रंग येतो, साय येत नाही. साय न येणं बाबांना आवडेल, तुला नाही.

नारळाच्या दुधाचंही जमतं, फक्त पहिलं दूध नको, तेल वर तरंगतं. पिळलेल्या चोथ्यात गरम पाणी घालून काढलेलं दुसरं, पातळ दूध घ्यायचं आणि गॅस बंद केल्यावर घालायचं. आल्यापेक्षा गवती चहाशी त्याचं सूत छान जुळतं. रात्रीच्या हळदीला तर मी आता तेच वापरतो, मिरीची चिमूट आणि गूळ घालून. साध्या दुधात गूळ घालताना तू नेहमी "आधी खाली उतरव, नाहीतर फाटेल" म्हणायचीस. यात ती धास्ती बरीच कमी. सकाळी घाई असेल तर नाचणीची पेज, ताकाऐवजी नारळाचं दूध घातलेली. आंबिलाची सर नाही तिला. पण गरम असते, आणि पोटात राहते.

आता तुझ्या मूळ काळजीकडे येतो, हाडं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं, दुधात तेवढ्याच वजनाला सव्वाशेच्या आत. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, पण तीळ आहेत, राजगिरा आहे, आणि खोक्यातल्या सोयात वरून कॅल्शियम घातलेलं असतं. ते तळाशी बसतं, म्हणून खोका हलवून ओतायचा. हेही मला दुसऱ्या महिन्यात कळलं. खरी गोची बी-१२ची आहे. ते वनस्पतींतून भरवशाचं मिळतच नाही, त्याची गोळी मी घेतो, रक्त तपासूनच सुरू केली. रिपोर्ट तुला रविवारी दाखवतो. आणि बाबा, तुम्ही रोज दोन कप दूध पिऊनही मागच्या वर्षी तुम्हाला बी-१२ची इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तुमच्या शुगरच्या गोळीनं, मेटफॉर्मिननं, ते कमी होऊ शकतं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारा, विसरू नका.

कोऱ्या चहाबद्दलही एक सांगायचं आहे, आई. चिडू नकोस. तू परवा दिलेला कडू झाला होता, आणि त्यात तुझ्या हाताचा दोष नव्हता. आपल्याकडची चहाची पावडर सीटीसीची असते. १९३०च्या सुमारास आसामात निघालेल्या यंत्रावर पानं चुरून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. ती कडक उतरते, दुधाचा भार सोसावा म्हणूनच ती तशी बरी पडते. दुधातलं केसिन तो तुरटपणा धरून ठेवतं. दूध काढून घेतलं की तुरटपणा सरळ जिभेवर येतो. कोरा प्यायचा तर पानाचा चहा हवा, निलगिरीचा किंवा दार्जिलिंगचा, आणि तो उकळायचा नाही. उकळतं पाणी ओतून, झाकण ठेवून तीन मिनिटं. भोरला तुम्ही पावडर उकळून उकळून, गूळ टाकून पीत होतात, तो कडू लागला नसता तरच नवल. मी पुढच्या वेळी पानाचा डबा आणतो. तुला प्यायचा आग्रह नाही. नुसता वास घेऊन बघ.

अमृततुल्यापुढून जाताना मात्र अजून पाय अडखळतो. परवा लक्ष्मी रोडला कामाला आलो होतो. पितळी पातेलं, त्यात चहा, साखर, दूध सगळं एकत्र उकळतंय, खलबत्त्यात वेलदोडा आणि आलं ठेचल्याचा आवाज. पाच मिनिटं उभा राहिलो. मालकानं विचारलं, "एक?" मी "नको, कुणाची तरी वाट बघतोय" म्हणालो. काय सांगणार. बाबा संध्याकाळी सारसबागेतून येताना तिथं मला बोलावतात आणि हल्ली मी कामाचं निमित्त काढतो, त्याचं कारण हे होतं. आता नाही काढणार. तुम्ही प्या, मी शेजारी उभा राहीन. वडापाव कुठं दुधाचा असतो?

कोजागरीला नेहमीप्रमाणे गच्चीवर जमायचं ना? आईला एकच विनंती. दोन पातेली ठेवू. मोठ्यात तुझं नेहमीचं आटीव दूध, त्याला मी हात लावणार नाही. लहान पातेलं माझं. एक वाटी काजू तुकडा, दोन चमचे भिजवलेली खसखस, दोन्ही एकत्र वाटून, चारोळी, केशर, वेलदोडा आणि जायफळ. आटवायची गरज पडत नाही, दहा मिनिटांत होतं, सतत ढवळत राहावं लागतं मात्र, नाहीतर बुडाला धरतं. मागच्या आठवड्यात करून पाहिलं. तुझ्या सुनेनं चाखलं आणि म्हणाली, "आईंना सांगू नकोस, पण बरं झालंय." मी सांगतोय.

काजू मी आणतो. खसखस तुझ्या त्या हिरव्या झाकणाच्या बरणीत असेल तर कळव, म्हणजे आणत नाही, उगीच महाग आहे. जायफळ घरचंच वापरू.

रविवारी चारला येतो. चहा मी करणार आहे, तिघांचा, ज्याचा त्याचा. तू ओट्यापाशी उभी राहून चुका काढ.

तुमचा,
धाकटा

ता. क. बाबा, सोयाचा तो उघडा खोका तुमच्या फ्रीजच्या दारात राहिलाय. उघडल्यावर जेमतेम आठवडाभर टिकतो. "पैसे पडलेत" म्हणून पिऊ नका, टाकून द्या.