पाय पुढे करताना

लेस्टर, पवित्र गुरुवार

प्रिय आई-बाबा,
प्रभु येशूच्या नावात सलाम.

आत्ताच ड्यूटीवरून आले. वृद्धाश्रमातल्या आजोबांचे पाय आजही धुतले. त्यांना साखरेचा आजार आहे, म्हणून आधी पाण्यात कोपर बुडवून पाहायचं आणि धुतल्यावर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. दोन वर्षं हे करतेय. चर्चमध्ये मंडळीसमोर साक्ष देतानाही हेच सांगितलं होतं, आणि खरं सांगते, लोकांनी कौतुक केलं ते मला फार गोड लागलं.

गेल्या आठवड्यात जिन्यात माझा पाय मुरगळला. सोबत काम करणारी सोमाली बाई, मुसलमान आहे, धावत आली. फरशीवर बसून माझा बूट काढू लागली. बारा तासांचा घामट मोजा, टाचेला भोक. मी पाय मागे ओढला. "नको, माझं मी बघते." तिने घोटा सोडला नाही. मोजा उतरवला, बर्फ लावला. मला रडू आलं, ते दुखलं म्हणून नव्हे.

रात्री बायबलमधला योहान 13 काढला, शेवटच्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो अध्याय. बाबा, घरच्या प्रार्थनेत तुम्ही हा अध्याय वाचायचात तेव्हा मला त्यातला शिष्य पेत्र नम्र वाटायचा. प्रभूला पाय धुऊ देत नाही, म्हणजे केवढा आदर! आता वाटतं, त्याला घेणाऱ्याच्या जागी बसणं जमत नव्हतं. मलाही नाही. आणि प्रभूला धरून देणारा यहूदाही त्या रात्री तिथे होता. प्रभूने त्याचेही पाय धुतले. तिथवर माझी मजल अजून नाही.

इथे इंग्लंडमध्ये पवित्र गुरुवारी राजा नाणी वाटतो: त्याचं जितकं वय, तितके पुरुष आणि तितक्याच स्त्रिया. पूर्वी राजे गरिबांचे पाय धुवायचे, ते केव्हाच बंद पडलं. सोबतचे अधिकारी पांढरे टॉवेल मात्र अजून अंगावर बांधतात. 2013 साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले, त्यांत एक मुसलमान मुलगी होती. तेव्हा मी फक्त धुणाऱ्याकडे पाहिलं होतं. आता त्या मुलीचा विचार येतो. पाय पुढे करताना तिला कसं वाटलं असेल?

मी निघताना काका तिकिटाचे पैसे घेऊन दारात आले होते, आठवतं? "आम्हाला कुणाचं काही नको," असं मीच म्हणाले. पाकीट हातात धरून ते तसेच अंगणात उभे राहिले. त्याला मी आजवर स्वाभिमान म्हणत आले. उद्या उपासनेनंतर त्यांना फोन करणार आहे. बाबा, त्यांचा नवा नंबर तेवढा पाठवा.

तुमची लेक